न वाळलेला रंग

मी सौंदडच्या बकारामचा ट्रॅक्टर बोलतोय.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. १९५० साली मी रेल्वेच्या वाघिणीतून इथे उतरलो, तेव्हा लालभडक होतो. सारं गाव मला पाहायला लोटलं. बकारामची पडीत जमीन मी एका उन्हाळ्यात नांगरून दिली. पण धानाच्या बांध्यांत, त्या चिखलाच्या खाचरांत, पोटापर्यंत रुतायचो, आणि मला बैल ओढून काढायचे. काढल्यावर ते मागे वळून बघायचे. ते मला मुळीच आवडायचं नाही.

पुढे रंग उडाला, गंज चढला. सत्तावन साली बकारामच्या लेकीचं, शामकलाचं, लग्न ठरलं. तिची आई रुख्मा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“वरात याच दारात येईन. हे भंगार काऊन ठेवून राहिले जी? इकून टाका!”

“इकत नाही. रंगवतो,” बकाराम म्हणाला.

“मंग सारा खोलून रंगवा.”

“मांगं खोलला होता, तं जोडल्यावर मूठभर नट उरले. आता जसा हाय तसाच रंगवतो.”

माझा जीव भांड्यात पडला.

लाल रंग आणायला तो गोंदियाला गेला. दुकानदार चुन्नीलाल म्हणाला, “लाल तो खतम है भैया. पीला ले जाओ, शादी का घर है.”

गावचे छकडे रंगवणारा कवडू आला. त्यानं विटेच्या तुकड्यानं माझा गंज घासला, मातीतेलानं, म्हणजे रॉकेलनं, अंग पुसलं. गुदगुल्या झाल्या, पण हसायची सोय नव्हती. रंग चिकटू नये म्हणून टायरांना चिखल फासला, मीटरच्या काचेला ग्रीस. हात पोचेना तिथं काडीला चिंधी बांधून रंग लावला. चकाकी यावी म्हणून रंगात जवसाचं तेल मात्र फार सढळ ओतलं. चकाकी आली. रंग काही वाळेना.

वरात आली. नवरदेवाचा बाप उदाराम पांढराशुभ्र कोट घालून आला आणि पान खायला माझ्या मडगार्डला पाठ टेकून उभा राहिला. बाजूला झाला तेव्हा चर्रकन आवाज आला. कोटाची पाठ पिवळीधमक!

वाजंत्री थांबली. बकारामनं हात जोडले. रुख्माच्या तोंडचं पाणी पळालं. व्याही रुसला तर वरात माघारी जायची. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण पुन्हा रुतावं.

उदारामनं मान वळवून कोट पाहिला, मग मला पाहिलं.

“काऊन रे बाबू,” तो मला म्हणाला, “पोराच्या आंधी मलेच हळद लावली?”

आणि मडगार्डवर दोन बोटं फिरवून त्यानं ती बकारामच्या गालाला फासली. मांडव हसून लोटपोट झाला. लग्न थाटात लागलं.

आता साठ साल आहे. माझ्या मडगार्डवर उदारामच्या पाठीचा ठसा अजून आहे. कोटाची वीणसुद्धा दिसते. परवा कवडू ब्रश घेऊन आला, तर रुख्मा आडवी आली.

“तिथं हात नोको लावू. याहीबुवाची पाठ हाय ते.”

माझंही तेवढंच मागणं आहे. मला पुन्हा कितीही रंगवा, हवा तो रंग द्या. तेवढी जागा सोडा.