पुढे केलेला तास

मित्रांनो, पाऊस मोजता मोजता म्हातारा झालेला मी एक पर्जन्यमापक आहे. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावापासून नऊ मैलांवर, डोंगराच्या पलीकडे, मक्याच्या शेताच्या कडेला मी उभा आहे. शेजारी कुणी नाही. गाई येतात, पण त्या अंग घासायला.

माझं पोट अगदी साधं आहे. वर पत्र्याचं फनेल आणि खाली सी-सॉसारख्या दांडीवर बसवलेल्या दोन इवल्याशा वाट्या. एक वाटी भरली की टक्कन कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक टकची वेळ माझ्या खोक्यातलं घड्याळ टिपून ठेवतं. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा अंगावर 'उत्तम' अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती पहिल्याच हिवाळ्यात गळून पडली, पण मी विसरलेलो नाही.

मला इथे रोवलं ते एका उपग्रहापायी. तो हजारो मैलांवरून ढगांचे माथे बघतो आणि खाली किती पाऊस पडत असेल याचा अंदाज बांधतो. मोठा रुबाब त्याचा. पण अंदाज बरोबर की चूक हे ठरवायला जमिनीवर कुणालातरी भिजावं लागतं. ते काम आम्हा सहा जणांचं. बाकीच्या पाचांना टेलिफोनची तार होती, त्यांची घड्याळं आणि आकडे विद्यापीठातूनच सांभाळले जात. मी पडलो डोंगरामागे. माझ्याकडे माणसालाच यावं लागे.

१९९४ च्या ऑगस्टपासून ते माणूस म्हणजे उपासना, नागपूरहून पीएचडीला आलेली. डोंगरामागच्या पावसाचा उपग्रहाचा अंदाज कुठे चुकतो, हा तिचा विषय होता, आणि डोंगरामागे मी एकटाच होतो. दर रविवारी ती सायकलवरून यायची. खांबावर हात ठेवून 'जय भीम' म्हणायची, फनेलमधली पानं नि कोळिष्टकं काढायची, लॅपटॉपवर आकडे उतरवून घ्यायची. मग डबा उघडून माझ्याशी मराठीत बोलत बसायची. खोलीतल्या मुलींपैकी कुणालाच मराठी येत नव्हतं, आणि घरी फोन महिन्यातून एकदा. मी मराठी शिकलो ती अशी. आम्ही दोघंही एकटे होतो, म्हणून आमचं जमलं.

त्या ऑक्टोबरात तिची फजिती झाली. इथे हिवाळ्याच्या तोंडावर सगळे जण घड्याळं तासभर मागे घेतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा पुढे करतात. नागपुरात घड्याळाला असं कुणी हात लावत नाही, त्यामुळे तिला पत्ताच नव्हता. सोमवारी बसस्टॉपवर ती तासभर कुडकुडत उभी राहिली. "पुन्हा नाही असं होऊ देणार मी," ती मला म्हणाली.

ती शब्दाला जागली. एप्रिलच्या त्या रविवारी तिने मनगटावरचं, भिंतीवरचं, मायक्रोवेव्हवरचं अशी सगळी घड्याळं पुढे केली. मग मुद्दाम नऊ मैल सायकल मारत आली आणि माझंही घड्याळ एक तास पुढे केलं. "झालं. आता तू पण टाइमवर," ती समाधानाने म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं. उपग्रहाचं घड्याळ बारा महिने एकसारखं चालतं आणि माझं त्याच्याशी जुळवून ठेवलेलं होतं. आता तीनला पडलेल्या पावसाची वेळ मी चार अशी टिपणार होतो. पण यंत्राला तोंड नसतं.

उन्हाळ्यात गडगडाट करत सरी येऊ लागल्या. उपग्रह म्हणे, तीनला पाऊस. मी म्हणे, चारला. दिवसाचा एकूण पाऊस बऱ्यापैकी जुळायचा, तास मात्र जुळत नव्हते. प्रयोगशाळेतला तिचा सीनियर, पुण्याचा यशोधन, एका रविवारी सोबत आला आणि माझ्यात डोकावून म्हणाला, "फनेल तुंबत असणार यार. पाणी साचतं आणि मग हळूहळू गळतं. तू नीट क्लीन करत नाहीस."

तिचा चेहरा पडला. त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा येऊ लागली. आधीच लखलखीत असलेलं फनेल टूथब्रशने घासायची. डबा आणणं तिने बंद केलं. सप्टेंबरात एकदा खांबाला टेकून म्हणाली, "तू तरी खरं बोल ना. सर म्हणतात, तुला काढून आणायचं आणि मी विषय बदलायचा. एक वर्ष वाया जाईल रे माझं." मला फार वाईट वाटलं. खोटा ठरल्याचं दुःख होतंच, पण काळजीने काम करणारीवर निष्काळजीपणाचा ठपका आला, ते जास्त लागलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोघं यशोधनच्या गाडीतून मला उपटायला आले. यशोधनने पाना काढून माझे नट सैल केले. उपासनाने शेवटचे आकडे घ्यायला वायर जोडली आणि सवयीने म्हणाली, "थांब जरा. याचा तास मागे घ्यायचा राहिलाय."

"कसला तास?"

"आज घड्याळं बदलली ना. एप्रिलमध्ये मीच पुढे केलं होतं."

यशोधनच्या हातातला पाना तसाच राहिला. "उपासना," तो हळूच म्हणाला, "सॅटेलाइटचं घड्याळ कोणी पुढे केलं होतं?"

तिने स्क्रीनवरची माझी वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. मग मटकन गवतात बसली आणि रडता रडता हसायला लागली. यशोधनने माझे नट पुन्हा आवळले. "सॉरी," तो म्हणाला, तिला आणि मग मलाही.

माझा सगळा उन्हाळा एक तास मागे सरकवला आणि पाऊस पावसाला जुळला. तिची पीएचडी पूर्ण झाली. १९९८ मध्ये निरोप घ्यायला आली तेव्हा माझ्या खोक्याच्या झाकणाच्या आत तिने मार्करने एक ओळ लिहिली.

त्यानंतर दुसरे विद्यार्थी आले, मग येईनासे झाले. घड्याळाची बॅटरी संपून वर्ष होत आलं. पाऊस अजून पडतो, वाट्या अजून कलंडतात, पण वेळ टिपणारं कुणी नाही. फनेलमध्ये आता खरोखरच पानं साचली आहेत.

झाकणाआतली ती ओळ इथे कुणालाच वाचता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. तिने लिहिलंय: 'हा खोटं बोलत नाही. जुळलं नाही, तर आधी आपण त्याला काय केलं ते आठवा. आणि पानं काढायला येत जा.'