खिडकीच्या काचेवरचे दोन आलेख

मैथिलीने मार्चचा कागद चिकटपट्टीने खिडकीच्या काचेला लावला आणि त्यावर सप्टेंबरचा धरला. बाहेर नौपाड्यातलं दुपारचं ऊन होतं. त्यात दोन्ही आलेख एकाच वेळी दिसत होते. तिने कडा जुळवल्या. दोन्ही रेषा सरळ चालत येऊन एकाच ठिकाणी खळग्यात उतरत होत्या. केसभरही फरक नव्हता.

“सापडले,” ती म्हणाली.

“कोण?” थोरली बहीण नीला मटार सोलत होती.

“खांबेटे सर.”

नीलाचा हात थांबला. हे नाव घरात कुणी घेत नसे. चोवीस वर्षांपूर्वी मैथिली नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर सरांकडे पीएच.डी. करत होती. सरांनी तिचे असेच दोन कागद काचेवर धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “हा हायड्रोजन नाही, बाई. नारायणगावच्या बाजारातला लाउडस्पीकर ऐकलास तू.” तांबड्या शाईने तसा शेराही मारला. दोन वर्षांचं काम गेलं, विषय बदलावा लागला. पुढे कित्येक महिने मुलं तिला लाउडस्पीकरच म्हणत.

आता एका दूरच्या दीर्घिकेवरचा सरांचाच शोधनिबंध एका नियतकालिकाने तिच्याकडे परीक्षणासाठी पाठवला होता. परीक्षक कोण, हे लेखकाला सहसा कळत नाही.

“मला समजेल असं सांग,” नीला म्हणाली. “डोंबिवलीच्या कॉलेजातल्या तुझ्या पोरांना सांगतेस तसं.”

“त्या दीर्घिकेच्या मधोमध रेडिओ लहरींचा प्रखर दिवा आहे, असं समज. त्याच्यापुढे थंड हायड्रोजन आला की एका ठरावीक जागी उजेड कमी होतो. तोच हा खळगा.”

“मग लाउडस्पीकर कुठून आला?”

“आपल्याकडच्या गोंगाटानेही खोटा खळगा पडतो, ताई. ओळखायचं कसं? पृथ्वी सूर्याभोवती फिरते. मार्चमध्ये आपण त्या दीर्घिकेकडे धावत असतो, सप्टेंबरमध्ये तिच्यापासून लांब. म्हणून खऱ्या खळग्याची जागा सरकते. इथल्या गोंगाटाची सरकत नाही.”

“आणि हा सरकला नाही.”

“तसूभरही नाही.”

“मग ठोक मेल्याला. चांगला चौघांत ठोक.”

अहवाल टाइप करून तयार होता. शेवटचं वाक्य तिने जपून ठेवलेलं होतं: लेखकाने पृथ्वीवरचाच गोंगाट ऐकला आहे.

“हे बघ, खाली वेग लिहिलाय, खळग्याची जागा त्यावरूनच मोजतात,” मैथिली आडव्या रेषेवरून बोट फिरवत म्हणाली. बोट मध्येच थांबलं. आकड्यांखाली बारीक अक्षरांत होतं: सूर्याच्या संदर्भात.

“काय गं?”

“पृथ्वीची चाल यात आधीच वजा केलेली आहे.” तिचा आवाज खाली आला. “अशा आलेखात सगळं उलटं होतं. खरा खळगा जागेवर राहतो. गोंगाट सरकतो.”

“म्हणजे त्याचं बरोबर?”

मैथिली स्टुलावर चढली आणि माळ्यावरून एक फाइल काढली. त्यातले दोन पिवळे कागद तिने काचेवर धरले. कोपऱ्यात तांबडी शाई होती. खळगे एकमेकांवर नेमके बसत होते. आणि आकड्यांखाली, तिच्याच हाताने पेन्सिलीत लिहिलेलं होतं: सूर्याच्या संदर्भात.

सरांनी खालची ओळ वाचली नव्हती. आणि सरांनी सांगितलं म्हणून तिनेही, चोवीस वर्षं.

तिने पिवळ्या कागदांचे फोटो काढले.

मग ती लॅपटॉपपुढे बसली. जुना अहवाल पुसला आणि नवा लिहिला: खळगा खरा आहे, निबंध स्वीकारावा. अट एकच. हीच कसोटी लेखकांनी सोबतच्या जुन्या निरीक्षणाला लावावी आणि निष्कर्ष, निरीक्षकाच्या नावासह, याच निबंधात स्वतः लिहावा. सोबत तिने ते फोटो जोडले. तांबडी शाई कापली नाही.

“पास केलंस त्याला?” नीला चिडली होती.

“त्यांचं बरोबर आहे, ताई.”

पानाच्या तळाशी नेहमीचा प्रश्न होता: परीक्षकाचं नाव लेखकाला कळवावं का? तो चौकोन ती दरवेळी रिकामा सोडायची. आज तिने त्यावर क्लिक केलं, खूण उमटली का ते वाकून पाहिलं आणि अहवाल पाठवला.

मग तिने मटारची परात स्वतःकडे ओढली.