विसाची खूण

कॉफीच्या त्या मळ्यात खत पिकले की नाही हे ठरवण्याची एकच रीत होती आणि ती थोरल्या बाईंनी घालून दिलेली होती. ढिगात मनगटापर्यंत हात खुपसायचा आणि संथपणे आकडे म्हणायचे. पाचाच्या आत हात बाहेर आला तर ढीग कच्चा; दहापर्यंत टिकला तर आणखी एक उलथणी; वीस म्हणून झाले तरच ते खत रोपांच्या मुळाशी जायचे. गेली तीस वर्षे शेवटचे वीस बाईच म्हणत. इतरांचे वीस म्हणजे नुसती उजळणी, असे त्या ऐकवत, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नसे.

ही रीत हौसेपोटी आलेली नव्हती. बाईंचे यजमान, मळ्याचे मालक, वारले तेव्हा फळांची साल आणि गर ओढ्यात लोटला जाई, छाटलेल्या फांद्या उघड्यावर जाळल्या जात आणि खताची पोती बाहेरून येत. ओढ्याचे पाणी शाईसारखे झाले, मासे उताणे तरंगू लागले, तेव्हा बाईंनी पदर खोचला. साल, गर, गोठ्यातले शेण, सावलीच्या झाडांचा पाला, सारे ढिगात. फांद्या झाकणबंद पिंपात भाजायच्या आणि त्यांचा कोळसाही ढिगातच मिसळायचा. ढीग मात्र वेळेवर उलथायचा, कारण आत हवा पोहोचली नाही की तो सडतो आणि धुराहून वाईट वायू सोडतो. ढीग म्हणजे तान्हे मूल, कूस बदलली नाही तर रडणारच, असे बाई सांगत.

आणि आता रोपवाटिकेतली बाराशे रोपे चार दिवसांत करपली होती. उपटून पाहिली तर मुळे भाजल्यासारखी तपकिरी. कच्चे, गरम खत पडले, हे सांगायला कोणी पंडित नको होता.

ढिगांचा कारभार वाफ्याकडे होता. सदानकदा वाफेत उभा, म्हणून हे नाव; त्याचे खरे नाव तो स्वतःही विसरला असेल. बाईंहून पाच वर्षांनी धाकटा आणि मळ्यात त्यांच्याइतकाच जुना. बाईंनी वीस म्हटलेला ढीग सोडून त्याने शेजारचा कच्चा ढीग उचलला, दुसरे काही घडूच शकत नव्हते. त्यांनी त्याला भर अंगणात, सगळ्या गड्यांसमोर सांगितले की शनिवारी फावडे जमा कर आणि घरी बस. वाफ्याने फावड्याच्या पात्यावरची माती अंगठ्याने काढली.

"बाई म्हणतात तसं," एवढेच तो बोलला.

त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते. ते न घातलेले भांडणच बाईंना टोचत राहिले.

जेवताना बाईंच्या मुलाने आपले घोडे पुढे दामटले. चूक वाफ्याची नसेल तर ढिगाची आहे, असे त्याचे म्हणणे. मग पुन्हा पोती आणू, फांद्या जाळू, सगळे जग तेच करते. बाईंनी त्याला एका नजरेत गप्प केले. माणूस गेला तर चालेल, रीत जाता कामा नये, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात दूध उतू जायला आले. बाईंनी पातेल्यावरचे झाकण उचलले आणि त्या सूनबाईला कालच्या उरलेल्या कामांवरून बोलू लागल्या.

"आई, झाकण!" सूनबाईने ते त्यांच्या हातातून फडक्याने ओढून घेतले.

बाईंनी तळहात पाहिला. बोटे लालभडक झाली होती. झाकण जड होते, हाताला कळले होते ते इतकेच.

"कधीपासून?" सूनबाईने हळूच विचारले.

बाई मनाशी हिशेब लावीत होत्या. साखर वाढली आहे, हातापायांकडे लक्ष द्या, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, तेव्हा माझे हात तुमच्या यंत्राहून शहाणे आहेत असे सांगून त्या उठल्या होत्या. ज्या दिवशी त्यांनी वीस म्हटले, त्या संध्याकाळीही तळहात असाच लाल होता. तो फळांच्या सालीचा डाग समजून त्यांनी साबणाने घासला होता. आणि त्या दिवशी वाफ्या पुटपुटला होता, "एक उलथणी अजून देऊ का?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या की तुला मोजता येत नसेल तर नातीकडून शीक. सगळे हसले होते. वाफ्याही हसला होता.

हातच्या काकणाला आरसा कशाला?

शनिवारी वाफ्या फावडे धुऊन, पुसून घेऊन आला. बाईंनी ते घेतले नाही. चारच दिवसांपूर्वी रचलेल्या ढिगापाशी त्या गेल्या. त्याच्या माथ्यावरून वाफ निघत होती. मुलगा, सूनबाई, गडी, सगळे गोळा झाले.

"घाल हात," त्यांनी वाफ्याला हुकूम केला.

चाराला त्याने हात झटकून बाहेर काढला.

मग बाईंनी बांगड्या वर सारल्या आणि आपला उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. एक. दोन. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. नवाला गड्यांची कुजबुज थांबली. बाराला मुलगा पुढे आला आणि तिथेच थबकला. चौदाला वाफ्याने त्यांचे मनगट धरून हात बाहेर ओढला. तीस वर्षांत त्या मळ्यात बाईंचा हात असा कोणी धरला नव्हता.

"पुरे झालं, बाई."

"तुला ठाऊक होतं."

"त्या ढिगात मी सहालाच हात काढला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचे वीस खोटे म्हणायला मला वीस जन्म लागले असते."

बाई मुलाकडे वळल्या. "रीत खरी आहे," त्या म्हणाल्या. "हात खोटा झालाय."

गेल्या वर्षी सूनबाईने लांब सुईचा तापमापक आणला होता, तेव्हा ढिगाला ताप आलाय का, मग औषधही पाजा, अशी तिची थट्टा करून बाईंनी तो कपाटात बंद केला होता. आता त्यांनी कमरेची किल्ली डाव्या हाताने काढून तिच्यापुढे धरली. सोमवारी ये, असे वाफ्याला सांगितले.

"करपलेल्या रोपांचं काय करायचं?" त्याने विचारले.

"ढिगात."

तो फावडे घेऊन रोपवाटिकेकडे चालू लागला. सूनबाईने बादली आणून बाईंचा हात पाण्यात बुडवला. पाणी गार आहे का, हे बाईंना तिलाच विचारावे लागले.