उपासाचं तेल

उपासाबद्दल आमच्या प्रभूची ताकीद साधी आहे: तोंड पाडून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. मी शांतवन, लातूरच्या एका शाळेतला रिटायर क्लार्क. ही ताकीद मी अगदी अक्षरशः पाळली. पण माझ्या डोक्यावर केस म्हणाल तर कानामागं चार, आणि एरवी मी तेलाच्या बाटलीला हातही लावत नाही. त्यामुळं ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लागले, की माझं टक्कल घासलेल्या तांब्यासारखं चमकायचं आणि अख्ख्या गल्लीला कळायचं.

समोर पाशामियाँचं शिलाईचं दुकान. ते मशीन थांबवून ओरडायचे, "शांतवनभाई, आज भी रोजा? माशाल्ला, लांबूनच दिसून राहिला!"

"कोण म्हणतं?" असं म्हणून मी दुकानापुढून आणखी एक चक्कर मारायचो.

बायको एस्तेर म्हणायची, "घरात बसून उपास केला तर देवाला पत्ता सापडत न्हाई का?" तिचा स्वतःचा उपास असला तर मला संध्याकाळी कळायचा, तोही विचारलं तर.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. त्या सालापासून मी एकही उपास चुकवला नव्हता. रविवार सोडून चाळीस दिवस, उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत फक्त पाणी. का धरले असं कुणी विचारलं, की मी आढ्याकडं बघून म्हणायचो, "जमीन हलली, तसा मी आतून हललो." हे वाक्य मी चर्चमध्ये साक्ष देताना तीनदा वापरलं होतं, आणि तिन्ही वेळा लोक जोरात 'आमेन' म्हणाले होते.

त्या वर्षी आमच्या वरच्या खोलीत लुंबिनी राहायला आली. लातुरात तेव्हा क्लासेसचं असं पेव फुटलं होतं, की ज्याच्या घराला जिना होता त्यानं वर खोली काढली, आणि ज्याला नव्हता त्यानं आधी जिना काढला. लुंबिनी मुखेडची, डॉक्टर व्हायला आलेली. बाप सटवाजी एसटीत कंडक्टर. पोरीला सोडून जाताना तो एवढंच म्हणाला, "सायेब, अभ्यास ती करल. भुकेला लई कच्ची हाय, तेवढं बघा."

मी काय बघितलं? ती डबा न्यायला खाली आली, की तिला उभं करून माझे उपास ऐकवले. "उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी न्हाई बरं का, पोरी. देह गप केला, की देवाला आपलं ऐकू जातं." ती बौद्ध घरातली, तरी मन लावून ऐकायची. मला वाटायचं, वा रे वा, श्रोता मिळावा तर असा!

अडतिसाव्या दिवशी दुपारी ती जिन्यावर चक्कर येऊन पडली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "जेवायला देता की नाही हिला? तीन दिवस पोटात अन्न नाही." एस्तेरला घाम फुटला. डबा तर रोज रिकामा येत होता. तो गल्लीतल्या गायीला जात होता, हे मागून कळलं.

घरी आणल्यावर एस्तेरनं मऊ भात पुढं ठेवला. लुंबिनीनं ताट सरकवलं.

"काका, तुमचे चाळीस झाले की तुमच्यासंगंच उपास सोडते. क्लासच्या परीक्षेत मार्क लई घसरलेत. अप्पा म्हणून राहिलेत, परत मुखेडला चल. आता मधीच मोडला तर देव कसा ऐकल?"

"अगं, पण मी रात्री जेवतो की!"

"तुमचं जुनं हाय देवाशी. मला सीईटीची घाई हाय, म्हणून मी रातचं बी सोडलं."

लाजेनं माझं टक्कल तापलं. एस्तेर माझ्याकडं बघत होती.

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी त्या पोरीला सांगितलं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मी चर्चच्या मंडळीच्या जीपमधून पोळी-भाजीची पाकिटं घेऊन किल्लारीकडं गेलो होतो. वाटेत भूक लागली. मागच्या बाजूला बसून मी गुपचूप दोन पाकिटं खाल्ली. गावात वाटता वाटता पाकिटं संपली आणि रांगेत शेवटी एक म्हातारी उरली, मल्लम्मा. घर गेलेलं, घरातली माणसं गेलेली. मी रिकामे हात दाखवले, तर तीच माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "असू दे लेकरा. तू जेवलास का?"

"जमीनबिमीन काही नाही, पोरी," मी म्हणालो. "मी हललो तो त्या दोन पाकिटांनी. माझं दुपारचं ताट कुणा भुकेल्याला जावं, म्हणून उपास धरला. पहिली दोन वर्षं गेलंही. मग लोकांच्या वाहवेची चटक लागली, आणि दिवस बुडाला की ते दुपारचं ताटही मीच हाणू लागलो. देवाचा हात पिरगाळायला उपास नसतो गं. आणि माझ्याच घरात तू उपाशी! खा, माझी माय, खा."

मी रडत होतो, अगदी नाक ओढत. लुंबिनीनं मला डोळे पुसायला पदर पुढं केला. मग तिनं ताट आमच्या दोघांच्या मधोमध सरकवलं.

"काका," ती म्हणाली, "तुमी जेवलाव का?"

मल्लम्माचेच शब्द. बाहेर ऊन रखरखत होतं, दिवस बुडायला चार तास होते, आणि बारा वर्षांचा विक्रम होता. मी हात धुतले आणि पहिला घास घेतला. मग तिनं घेतला. एस्तेरनं लोणचं वाढलं.

महिन्याभरानं लुंबिनी भरल्या पोटी सीईटी देऊन आली. तिच्या मार्कांचं श्रेय घ्यायचा माझा विचार होता, पण एस्तेरनं घेऊ दिलं नाही.

पण आधी त्या घासाच्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो. त्या दिवशी गुड फ्रायडे. मी उपास धरला, तेल लावलं नाही. माझं दुपारचं जेवण डब्यात भरून चर्चच्या आधी सरकारी दवाखान्यात द्यायला निघालो. पाशामियाँ जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते. त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं, हातातल्या डब्याकडं बघितलं, आणि हसले.

"क्यों भाई, आज छुट्टी? टक्कल कोरडं!"

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि नुसता हसलो. पोटाची भूक परवडली, पण ते एक वाक्य गिळताना माझा जीव गेला. पण माझ्या आयुष्यात तेवढा एकच उपास असा झाला, की जो देवाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

आज तोही तुम्हाला सांगून बसलो. जित्याची खोड, दुसरं काय!