सर्व्हर माझं ऐकेना

बोलतेय ती मी, डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल. नावाआधी टिंब असलं की लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकावर, फाइल यादीत दिसत नाही, म्हणून माझं तोंड फारसं कोणी पाहिलेलं नाही. काम मात्र मोठं. लोकांनी वेबसाइटचा छोटा, सोपा पत्ता टाकला की त्यांना आतल्या लांबलचक, वेड्यावाकड्या पत्त्यावर नेऊन पोचवायचं.

माझा जन्म शेखरच्या लॅपटॉपवर झाला. शेखर हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, हुद्द्यानं 'सीनियर'. हे तो चहा मागतानाही सांगतो. त्याच्या सासूबाई पुतळाबाई चाकणजवळ बारा बायकांना घेऊन कंपन्यांना डबे पुरवतात. त्यांची वेबसाइट जावयानं केली. 'जेवण' या सोप्या पत्त्यावर आठवड्याचा बेत दिसायचा. लॅपटॉपवर सगळं झकास.

मग मला नव्या सर्व्हरवर आणून टाकलं, आणि कुठूनही उघडलं तरी बेताच्या जागी 'पान सापडलं नाही' अशी पाटी! त्याच सकाळी अकरा वाजता एका कारखान्याचे साहेब बेत बघून तीनशे डब्यांचं ठरवणार होते. पत्ता त्यांना कळवूनही झाला होता.

शेखरनं काय केलं? माझ्या ओळी बदलल्या. पुन्हा बदलल्या. इंटरनेटवरून कुणाकुणाच्या ओळी आणून मला ठिगळं लावली, आणि फिरून माझ्या मूळ ओळींवर आला. सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. शेवटी म्हणाला, "मामी, तुमच्या मोबाइलचाच प्रॉब्लेम आहे."

"व्हय, आन तुमच्या लॅपटॉपवर बी त्योच येतुया?" पुतळाबाई म्हणाल्या. "मला सांगा जावईबापू, त्या फाइलीत लिवलंय ते सर्व्हर वाचतो तरी का?"

"वाचणारच ना!"

"कशावरनं? आमचं थोरलं दीर बहिरेपणाचं सोंग करायचं. एकदा तोंडावर शिवी हासडली, तशी ताडकन उठलं. तुमी बी घाला शिवी."

जावयाला हसू आलं, पण सव्वादहा वाजले होते. माझ्या पहिल्याच ओळीत त्यानं 'मुडद्या' लिहिलं. असलं भलतंसलतं वाचलं की सर्व्हरनं तडकून साइट बंद पाडायला हवी. यानं हूं की चूं केलं नाही. साइटचं पहिलं पान तसंच उघडलं.

शेखरचा चेहरा उतरला. त्यानं सर्व्हरचं मुख्य सेटिंग उघडलं, तर तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, असल्या फाइलींचं काही ऐकू नये. आणि हा शहाणा सकाळपासून माझीच वेणीफणी करत बसलेला! त्यानं तिथं 'ऐकावं' असं केलं, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि सगळी साइटच कोसळली.

"आत्ता राग आला मेल्याला!" पुतळाबाईंनी टाळी वाजवली. "काढा की आता ती शिवी."

शिवी निघाली. दहा पन्नासला बेत उघडला: सोमवारी पिठलं-भाकरी, मंगळवारी वांग्याचं भरीत. अकराला साहेबांच्याही फोनवर तोच दिसला. डबे ठरले. बारा बायकांनी पुतळाबाईंना उचलायचंच बाकी ठेवलं.

ऑफिसात शेखरनं "मी शोधून काढलं" म्हणून सांगितलंच. पण माझ्यात त्यानं एक ओळ घातलीय: 'काही बदलण्याआधी मामींना विचारणे.' ओळीच्या सुरुवातीला जाळीचं चिन्ह (#) आहे. असली ओळ सर्व्हर वाचत नाही, ती माणसांसाठी असते.

शेखर, तू तरी वाचत जा बाबा.