झोपेतला कौल

सहा महिन्यांपासून प्रांजली झोपत होती आणि रामेश्वरला ते कोडं काही सुटत नव्हतं. त्याची दहावीतली पोर. रात्री नऊला अंथरुणाला पाठ टेकायची, सकाळी सातला उठायची आणि आठ वाजता हातात भाकरीचा घास धरून पुन्हा डुलायला लागायची. रामेश्वरने आधी दोष मोबाइलला दिला आणि तो पेटीत टाकून कुलूप लावलं. मोबाइल पेटीत झोपला, प्रांजली बाहेर. मग अशक्तपणा असेल म्हणून शहागडला नेऊन सलाइन लावलं. सलाइन लावलेलं असतानाच ती झोपली, आणि कंपाउंडर म्हणाला, बघा, लगेच आराम पडला.

शाळेतून साधना मॅडमचा फोन आला. गणिताच्या तासाला रोज झोपते, सरांनी उभं केलं तर उभ्यानं झोपली. त्या दिवशी रामेश्वरने पोरीवर हात उचलला. रडत रडत ती एवढंच म्हणाली, "अप्पा, मी न्हाई झोपत. झोपच येऊन मला पकडती." त्याला स्वतःची लाज वाटली, पण कळलं काहीच नाही.

दसऱ्याला बिरोबाची जत्रा होती. भर दुपारी ढोल घुमत होते आणि रामेश्वरचे वडील म्हस्कूआबा, सारा जन्म मेंढरांमागे घालवलेला माणूस, तालावर नाचत होते. नाचता नाचता त्यांचा पटका सुटला आणि त्यांच्याच पायात गुरफटला. प्रांजली खळखळून हसली. हसता हसता तिचे गुडघे ढिले पडले, मान कलली आणि ती देवळासमोर कोसळली.

दुसरीकडे कुणी पाणी मारलं असतं, गाडी बघितली असती. इथे ढोल वाजत होते आणि समोर देव होता. "देव आला! पोरीच्या अंगात देव आला!" आबा ओरडले आणि त्यांनी तिच्या कपाळाला भंडारा फासला. गर्दीतल्या कुणीतरी आपल्या हरवलेल्या मेंढीचं विचारलं. पडल्या पडल्या प्रांजलीचा डोळा लागला होता. ती पुटपुटली, "बाभळीखाली." आणि मेंढी खरंच बाभळीखाली सापडली. आता ऑक्टोबरच्या उन्हात मेंढी बाभळीखाली नाही तर काय एसटी स्टँडवर बसणार? पण हे बोलायची हिंमत कुणाची होती!

तेव्हापासून दर रविवारी दारात बाया यायला लागल्या. शाळेत ज्या झोपेसाठी शिक्षा, घरात त्याच झोपेला नारळ. रामेश्वरच्या डोक्याचा पार भुगा झाला. देव ज्याच्या अंगात येतो त्याला झाड म्हणतात. आबांनी जाहीर करून टाकलं, "आपली पोर आता देवाचं झाड हाये. शाळा बिलकुल बंद."

एका रविवारी नंदाबाई आली. तिचा भुजंग दोन वर्षांपूर्वी कामाला म्हणून पुण्याला गेला होता; त्याचा ना फोन, ना पत्ता. "कुठं हाये माझं लेकरू?" तिनं विचारलं. पेंगलेली प्रांजली म्हणाली, "पाण्यात."

नंदाबाईने हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवसापासून ती अन्नपाणी सोडून गोदावरीच्या काठाने फिरायला लागली. प्रांजलीला हे कळलं तेव्हा ती रामेश्वरजवळ येऊन बसली. "अप्पा, मला सपान पडलं व्हतं. सपनात मी कपाशीला पाणी देऊन राह्यले व्हते."

आबांना न सांगता रामेश्वरने तिला जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हसल्यावर हिचे गुडघे ढिले पडतात का?"

रामेश्वर चमकला. या बाईला कुणी सांगितलं? त्याला आबांचा सुटलेला पटका आठवला.

"हसले की पडते मी," प्रांजली म्हणाली. "समदं ऐकू येतं, पण हात हलत न्हाई. म्हणून आता हसतच न्हाई."

पोर हसायची थांबली होती आणि ते घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"हा झोपेचाच आजार दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आळस नाही, वेड नाही. संभाजीनगरला झोपेची तपासणी करून घ्या, मग औषध सुरू करू. दुपारी वीस मिनिटं झोपू द्यायची, तसं शाळेला लिहून देते. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. परीक्षा देईल ती."

"आन् ती मेंढी?" रामेश्वरने विचारलं.

"मेंढीचं मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या.

रविवारी नंदाबाई पुन्हा आली. रामेश्वरने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. प्रांजली शेजारीच बसली होती, आबा भंडाऱ्याची वाटी घेऊन उभे होते. "मंग मेंढी कशी सापडली?" त्यांनी विचारलं. खरं म्हणजे अजूनही रामेश्वरचं मन एकदा इकडे, एकदा तिकडे जात होतं.

नंदाबाईने आबांकडे पाहिलंही नाही. "म्हंजी ते पाणी कपाशीचं व्हतं?"

"हां, नंदाबाई," रामेश्वर म्हणाला.

"आन् औषधानं हे झोपेतलं बोलणं बंद व्हईल?"

"व्हईल म्हंत्यात."

ती पुढे सरकली आणि तिनं प्रांजलीपुढे पदर पसरला. "मंग औषध सुरू करायच्या आधी एकदा इचारू द्या. एकदाच. जित्ता हाये म्हनली तरी बास."

"मावशी, मला न्हाई माहीत," प्रांजली म्हणाली. "भुजंगदादा कुठं हाये, मला खरंच न्हाई माहीत."

पण नंदाबाई जागेवरून हलली नाही. पोरीचा डोळा लागायची वाट बघत ती तशीच बसून राहिली. आणि प्रांजलीच्या पापण्या जड व्हायला लागल्या. आबा वाटी घेऊन पुढे आले.

रामेश्वरने प्रांजलीला उचललं, आतल्या खोलीत नेऊन निजवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. दाराला पाठ लावून तो उभा राहिला.

"आजारी हाये माझी पोरगी," तो म्हणाला. "झोपू द्या तिला."