रुपरावांचा आवाज सहा खोल्यांत

शेजारच्या फाटकासमोर दर गुरुवारी चपलांचा ढीग पडायला लागला, तेव्हाच मी समजलो की या घरात आता काही दिवस सरळ बोलण्याची सोय राहिली नाही. मी कोराडीच्या वीज केंद्रात हिशेब विभागात नोकरी केलेला माणूस. गर्दी दिसली की कोण काय घेऊन आला आणि काय घेऊन गेला, हे पाहायची मला खोड आहे. पहिल्या गुरुवारी चपला फाटकाच्या आत मावल्या. मे महिना लागेपर्यंत त्या माझ्या कुंड्यांना येऊन टेकल्या. येणारे नारळ घेऊन येत, जाताना डोळे पुसत जात. महाराज मात्र येताना रिकामे येत आणि जाताना गाडीची डिकी बंद होत नसे.

आत हॉलमध्ये नादानंद महाराज गादीवर बसलेले. पहिली आज्ञा ठरलेली.

"कूलर बंद करा. आत्म्याला गोंगाट चालत नाही."

नागपुरात, मे महिन्यात, कूलर बंद. भक्तांच्या मानेवरून घामाच्या धारा लागत आणि त्यालाही लोक अनुभूती म्हणत. मग महाराज डोळे मिटत, बोट वर करत, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून आधी खोकला येई. मागोमाग आवाज.

"निघालो वं. जेवून घेजो, वाट नको पाहू."

आवाज रुपरावांचा. रुपराव, म्हणजे या घराचे मालक, शिवरात्रीच्या सुमारास वारलेले. हॉलमध्ये शब्द संपत नाहीत तोच तेच शब्द स्वयंपाकघरातून येत, आणि मग आतल्या निजायच्या खोलीतून. मेलेला माणूस बोलत बोलत घरभर फिरून राहिला, असं वाटे. बाया हुंदके देत. रुपरावांच्या पत्नी प्रेमिलाबाई भिंतीला टेकून, अंधुक डोळ्यांनी, आवाज जाईल तिकडे तोंड वळवत बसत.

"नाद म्हणजे काय?" महाराज विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "नाद म्हणजे ब्रह्मांडाचं वायफाय. देह गेला म्हणजे मोबाइल फुटला. सिग्नल कुठं जातो? सिग्नल राहतो. फक्त रेंज पाहिजे. आणि रेंज कशानं येते?"

"श्रद्धेनं," सगळे म्हणत.

माझ्या घरात त्याच श्रद्धेनं दोन दांड्यांच्या वर रेंज येत नाही, ते सोडा.

आता या स्पीकरांची कथा सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. रुपरावांचा मुलगा ऋषिकेश. त्याच्या मनात आलं, की घर असं करायचं की एका मोबाइलवरून सहा खोल्यांत गाणं आणि टीव्ही चालला पाहिजे. हॉलमध्ये बातम्या, देवघरात भजन, आईच्या खोलीत मालिका. स्पीकरचा एक डबा एका कंपनीचा, दुसरा दुसरीचा, काही तारेवर, काही बिनतारी, काही टीव्हीच्या मार्फत. आखा हिवाळा त्या घरातून एकच ओरड ऐकू यायची. देवघरात भजन लावायला जावं तर तिथं कार्टून सुरू व्हायचं. बातम्या लावल्या की निवेदिका तेच वाक्य तीनदा बोलायची, आधी हॉलमध्ये, मग स्वयंपाकघरात, मग आत. रुपराव तेव्हा हयात होते. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून, काटोलच्या स्टँडवरून एसटीनं आले, की दारातच म्हणायचे, "येवढे डबे कायले लावले गा, ऋषी? एकही धड बोलत नाही." ऋषिकेश चिडून भिंतीवरचे स्क्रू पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा.

म्हणजे पाहा. जे यंत्र जिवंत माणसांचं साधं भजन वाजवत नव्हतं, ते मेलेल्या माणसाचं बोलणं बरं बिनचूक वाजवत होतं. मी हे ऋषिकेशला बोललो.

"काकाजी, बाबा जिवंत असताना माह्या सिस्टिमले नावं ठेवत होते," तो म्हणाला. "आता तिच्यातूनच बोलून राहिले. याच्यावर मी काय बोलू?"

बापाची शाबासकी राहून गेलेल्या पोराशी वाद घालता येत नाही.

पण प्रेमिलाबाईंच्या डोळ्यांचं काय? त्यांना काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, की थेंबांनी डोळ्यातला दाब उतरत नाही, ऑपरेशन करा, जी नजर जाईल ती परत येणार नाही. एक तारीख त्यांनी चुकवली. का, तर महाराज म्हणाले, "मालक गेट उघडून ठेव म्हणतात. ज्या दिवशी माउली हे घर सोडून दवाखान्यात निजेल, त्या दिवशी मालक परत फिरतील." महाराजांना माउलींचे डोळे नको होते. त्यांना गुरुवारी भिंतीला टेकलेली विधवा हवी होती. तिच्याशिवाय खेळ रंगणार कसा?

दुसरी तारीख शुक्रवारची मिळाली होती. आणि प्रेमिलाबाई म्हणत होत्या, "नाही जात जी मी. डोळे गेले तर गेले. ते आले आणि मी घरी नाही, असं नको."

त्यांची सून वंदना शाळेत विज्ञान शिकवते. ती बुधवारी माझ्या अंगणात येऊन खुर्चीवर अशी बसली, की खुर्ची कुरकुरली.

"काकाजी, मी पोरांना ध्वनीचा वेग शिकवते आणि घरी येऊन आत्म्याले चहा ठेवते. मले माह्याच शाळेत तोंड दाखवायची लाज वाटून राहिली."

"सासूबाईंशी बोललीस?"

"बोलली ना. त्या म्हणतात, तुले सासरा नको होता म्हणून तू असं म्हणून राहिली."

मी तिला माझी एक शंका सांगितली. गेल्या गुरुवारी मी स्पीकरजवळ बसलो होतो. रुपराव "निघालो वं" म्हणाले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडत होतं, "नागपूर, नागपूर, बसा." आणि गाडीचा हॉर्न. मी तिथंच महाराजांना विचारलं होतं, आत्मा काटोलच्या स्टँडवरून एसटीनं येतो का? महाराज हसून म्हणाले होते, "प्रवासाला वाहन लागतंच, भाऊ. कुणाला विमान, कुणाला एसटी. ज्याची जशी पुण्याई." लोकांना ते पटलं होतं. मला अजून ते आठवलं की कपाळ दुखतं.

वंदना मात्र ताठ बसली. "काकाजी, बाबा मोबाइलवर टाइप नव्हते करत. बोलूनच पाठवत होते, आवाजाचे मेसेज. स्टँडवरून निघाले की आईले एक यायचाच." तिनं खुर्ची पुढं ओढली. "आणि मेल्यापासून एकही नवीन गोष्ट नाही बोलले. मी विचारलं, बाबा, बागेतल्या मोटरच्या खोलीची किल्ली कुठं ठेवली? तर म्हणाले, जेवून घेजो."

त्या संध्याकाळी तिनं सासूला एवढंच विचारलं, की बाबांचे ते मेसेज कुणाला पाठवले होते का? प्रेमिलाबाई म्हणाल्या, महाराजांना पाठवले होते. वर कितीतरी आत्मे, त्यात मालकांचा कोणता हे महाराजांना ओळखू यावं म्हणून त्यांनीच मागितले होते. हे सांगताना त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दुःखात माणसाचा हिशेब असाच चुकतो, आणि समोरचा नेमका तिथंच हात घालतो.

आता राहिला प्रश्न, मेसेज स्पीकरपर्यंत पोचतो कसा. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग वायफायचा पासवर्ड. ऋषिकेशनं तर तो छापून टीव्हीखाली चिकटवलेला, म्हणजे पाहुण्याला मागायचाही संकोच नको. आणि जो त्या वायफायवर आला, त्याला आपल्या मोबाइलवरून घरातला कोणताही स्पीकर वाजवता येतो. महाराजांचा शिष्य खेमराज पहिल्याच दिवशी पाणी पिऊन, पासवर्ड घेऊन गेला होता. दर गुरुवारी तो बाहेर गाडीतच बसे. महाराज म्हणत, तो संरक्षण-कवच धरून आहे.

गुरुवारी कूलर बंद झाला. वंदना आपला मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. वायफायवर कोण कोण जोडलेलं आहे ते तिला दिसत होतं, आणि त्यात एक नाव होतं, 'खेमराज नादसेवक'. लपायचीही तसदी घेतली नव्हती गड्यानं. तिनं तेवढा एक मोबाइल वायफायवरून तोडला.

महाराजांनी बोट वर केलं. काही नाही. पुन्हा केलं. भिंत गप्प.

"इथं कुणीतरी संशयी बसलं आहे," महाराज म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. तरी काही नाही. घाम मात्र आता महाराजांनाही आला.

एवढ्यात गाडीतून खेमराज उतरला, माझ्या शेजारून आत गेला आणि दारात उभ्या ऋषिकेशला हळूच म्हणाला, "भाऊ, तुमचं वायफाय गेलं काय?"

ऋषिकेश यजमान माणूस. सवयीनं खिशातला मोबाइल काढला, पाहिलं आणि म्हणाला, "नाही गा, सुरू आहे." मग तो थांबला. खेमराजच्या हातातला मोबाइल त्यानं पाहिला. पडद्यावर प्रेमिलाबाईंनी महाराजांना पाठवलेला रुपरावांचा मेसेज उघडा होता. ऋषिकेशचा चेहरा मी दारातून पाहत होतो. दोन महिन्यांत त्याला मिळालेली शाबासकी त्याच क्षणी परत गेली.

आणि मग हॉलमध्ये आवाज घुमला. रुपरावांचा नव्हे.

"भक्तहो, मी देह नाही, मी नाद आहे."

महाराजांचाच आवाज. महाराज समोर गादीवर, तोंड बंद. हॉलनंतर स्वयंपाकघर म्हणालं, मी देह नाही. मग आतली खोली म्हणाली, मी नाद आहे. पुढच्या रांगेतल्या यमुताईंनी हात जोडले आणि अगदी काळजीनं विचारलं, "महाराज, तुम्ही कधी गेले जी?"

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच.

"हे प्रवचन महाराजांनीच भक्तांच्या ग्रुपवर टाकलं होतं," वंदना मोबाइल वर धरून म्हणाली. "मी इथून लावलं. खेमराजभाऊ बाहेरून लावत होते. आणि आवाज फिरतो, कारण आमचे डबे एकसारखे नाहीत. एकाले आवाज लवकर पोचतो, टीव्हीतून जाणाऱ्याले उशिरा. हिवाळ्यात बातम्याही अशाच फिरत होत्या ना? तेव्हा तुम्ही म्हणत होते, सिस्टिम बिघडली आहे. मग आता चमत्कार काहून झाला?"

महाराज "यंत्राचा अपमान" वगैरे पुटपुटत उठले. या खेपेला डिकी रिकामीच बंद झाली.

प्रेमिलाबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"वंदना, ते आलेच नव्हते ना वं?"

वंदना त्यांच्याजवळ खाली बसली. "नाही आई. नव्हते आले."

ऋषिकेशनं कूलर सुरू केला. मग त्या म्हणाल्या, "सकाळी किती वाजता निघायचं आहे?"

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याची एक बाजू गेली ती गेली, आधी आला असतात तर राहिली असती. मी हे यमुताईंना मुद्दाम ऐकवलं. त्या म्हणाल्या, "ते महाराज खोटेच होते जी. खरे उमरेड रोडले बसतात." माणसाला समजावून थकायला होतं, ते असं.

तरी सांगतो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी दोन प्रश्न विचारा. हे कुठून येत आहे, आणि हे थांबलं तर कुणाचं नुकसान आहे? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो गादीवरचा माणूस. आणि दवाखान्याची तारीख कोणत्याही आवाजासाठी चुकवू नका.

परवा मी गेलो तेव्हा प्रेमिलाबाई हिरवा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. हातात मोबाइल. त्यांनी स्वतःच बटन दाबलं. बसचा हॉर्न, "नागपूर, नागपूर, बसा," आणि मग रुपराव.

"निघालो वं. जेवून घेजो, वाट नको पाहू."

"मीच लावला, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि आत आपलं ताट वाढून घ्यायला उठल्या.